शंभरपर्यंत बरोबरी, मग टॉप स्पीडला ऐंशीचा फरक का?

सांगलीच्या विश्रामबागेतून विचारणा आली आहे. थोरला भाऊ मेलबर्नला असतो, त्यानं किया ईव्ही६ जीटी ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. धाकट्याच्या मनात इथं बीवायडी सील परफॉर्मन्स आहे, तीही इलेक्ट्रिकच. कागदावर ईव्ही६ जीटी ० ते १०० ला ३.५ सेकंद घेते, सील ३.८. म्हणजे जवळजवळ बरोबरीच. पण टॉप स्पीड एकीचा ताशी २६० किमी आणि दुसरीचा १८०. त्यावरून भाऊ चिडवतो, "तुझ्या गाडीत दम नाही, म्हणून १८० ला धाप लागते." तेव्हा सीलची मोटर खरंच कमी पडते का, आणि दोघींत फास्ट कुठली म्हणायची, असा प्रश्न आहे.

दमाचा काही संबंध नाही. सील १८० ला थांबते, कारण तिला तिथं थांबवलेलं आहे. मी पूर्वी पुण्यात एका कंपनीच्या टेस्टिंग विभागात होतो, आता साताऱ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटर आणि कंट्रोलरचीच कामं करतो. पण हे पटवायला माझा अनुभव नको, कागद-पेन पुरतं.

सपाट रस्त्यावर गाडी एका वेगाला धरून ठेवायची तर मोटरला दोघांशीच झगडावं लागतं: समोरची हवा आणि टायरचं घर्षण. सीलचा हवेचा गुणांक (जितका कमी तितकी गाडी हवा सहज कापते) कंपनी ०.२१९ सांगते, आणि तो फारच चांगला आहे. वजन २,१८५ किलो. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. या वेगाला हवेचा विरोध माझ्या ढोबळ हिशेबानं साडेसातशे न्यूटनच्या घरात येतो, टायरचे अडीचशे धरा. झाले एक हजार. त्याला ५० नं गुणा, ५० किलोवॅट. सीलच्या दोन मोटरी मिळून देतात ३९० किलोवॅट, पुढची १६० आणि मागची २३०. म्हणजे १८० ला पोहोचलेली सील आपल्या ताकदीचा जेमतेम आठवा हिस्सा वापरत असते. हिला धाप लागली असं कोण म्हणेल?

हाच हिशेब २६० ला करून बघा. सीलला १३५ किलोवॅटच्या आसपास लागतील. ईव्ही६ सीलपेक्षा उंच, तिचा गुणांक ०.२८, म्हणून तिला तिथं १८० च्या आसपास लागतात. आणि तिच्याकडे आहेत ४३०. भावाला हे जरूर सांगा: त्याची गाडीसुद्धा २६० ला दम संपून थांबत नाही. दोघींनाही लगाम आहे, फक्त एकीचा लांब सोडलाय.

मग लगाम कुठं बांधायचा हे ठरतं कशावरून? इथं जरा खोलात जावं लागेल.

पेट्रोलच्या गाडीत पाच-सहा-सात गिअर असतात. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत एकच. तो एकच गिअर जाग्यावरून उठतानाही तोच आणि टॉप स्पीडलाही तोच. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागं मोटरचे फेरे, मोठा ठेवला तर चाकाला टॉर्क (फिरवणारा जोर) जास्त मिळतो, गाडी सुटताना पाठ सीटला चिकटते, पण मोटर तिच्या फेऱ्यांच्या मर्यादेला लवकर पोचते. रेशो लहान ठेवला तर उलटं. ईव्ही६ जीटीला २१ इंची रिमवर २५५/४० चे टायर आहेत. २६० ला ते चाक मिनिटाला १,८७० च्या आसपास फेरे घेतं. कियानं तिच्यासाठी २१,००० फेऱ्यांपर्यंत जाणारी मोटर बनवली. भागाकार करा: चाकाच्या एका फेऱ्यामागं मोटरचे अकराच्या आसपास फेरे. म्हणजे सुरुवातीची ओढही मिळते आणि २६० ही गाठता येतात. सीलचं चाक १८० ला १,३७५ च्या आसपासच फिरतं. तेवढ्यासाठी इतक्या फेऱ्यांच्या मोटरची गरजच पडत नाही.

२१,००० फेऱ्यांची मोटर बनवणं हे खायचं काम नाही. त्या वेगाला रोटरमधलं चुंबक बाहेर निसटायला बघतं, बेअरिंग तापतं, आणि बॅलन्सिंगमध्ये एवढीशी कसर राहिली तरी आवाज येतो. शिवाय मोटर फिरताना स्वतःच जनरेटरसारखा उलटा व्होल्टेज तयार करत असते. वेग वाढेल तसा तोही वाढतो आणि एका टप्प्याला बॅटरीच्या व्होल्टेजच्या तोडीला येतो. त्याच्या पुढं न्यायची तर कंट्रोलर मुद्दाम चुंबकक्षेत्र कमकुवत करतो. याला फील्ड वीकनिंग म्हणतात. त्यात टॉर्क घटतो आणि काही करंट नुसता चुंबकाशी लढण्यात जातो. बॅटरीचा व्होल्टेज जास्त असेल तर हा टप्पा उशिरा येतो. ईव्ही६ ही ८०० व्होल्ट वर्गातली गाडी, सीलचा पॅक साडेपाचशे व्होल्टच्या आसपासचा. फरक इथूनही पडतो.

दुसरी वाट पोर्शेनं धरली. २०१९ च्या टायकनमध्ये मागच्या ॲक्सलला दोन गिअरचा बॉक्स आहे: पहिला सुटण्यासाठी, दुसरा वरच्या वेगासाठी. टर्बो एस २.८ सेकंदांत शंभर आणि टॉप पुन्हा २६०. इंजिनियर म्हणून मला तो गिअरबॉक्स फार आवडतो. पण त्यात वजन वाढतं, खर्च वाढतो आणि बिघडायला आणखी एक वस्तू गाडीत येते. कियानं तेच २६० एका गिअरमध्ये काढले, हे मला जास्त हुशारीचं वाटतं.

आणि कितीतरी वेळा लगाम इंजिनियर बांधतच नाही, कंपनीचं धोरण बांधतं. व्होल्वोनं २०२० पासून नव्या गाड्या १८० ला बांधून टाकल्या आणि कारण उघडपणे सुरक्षेचं सांगितलं. वेग वाढवला की टायरही त्या दर्जाचा द्यावा लागतो (व्ही म्हणजे २४० पर्यंत, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००), ब्रेक मोठे लागतात, कूलिंग मोठं लागतं, आणि हे सगळं किमतीत चढतं. जर्मनीच्या ऑटोबानवर ज्यांना मान मिळवायचा आहे त्यांना २६० लागतात. बाकीच्यांना १८० पुरतात.

आता ० ते १०० कडे वळू. हा आकडा मोटरचा आहे असं सगळे धरून चालतात. मुळात तो टायरचा आहे.

३.८ सेकंदांत शंभर म्हणजे सरासरी प्रवेग पाऊण जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग). ३.५ म्हणजे ०.८ जी. कोरड्या डांबरावर चांगला टायर एक जीच्या आसपास पकड देतो, म्हणजे दोन्ही गाड्या टायरच्या हद्दीच्या जवळ खेळताहेत. ताकद म्हणजे ओढ गुणिले वेग. ३० च्या वेगाला टायर जेवढी ओढ झेलतो तेवढी द्यायला दीडशे किलोवॅट पुरतात, त्याच्यावर दिले तर चाक नुसतं फिरतं. सीलचे पूर्ण ३९० किलोवॅट रस्त्यावर उतरायला ताशी ७५ च्या आसपास यावं लागतं. जाग्यावरून सुटताना ३९० असोत की ४३०, खालच्या निम्म्या भागात दोघींची गत सारखीच. म्हणून तर १५० पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरच, मेट्रिक मापातली) गाडी आणि ३०० पीएसची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण ५३० पीएस आणि ५८५ पीएस यांत ०.३ सेकंदांचा.

हे डेटा लॉगरवर फार स्वच्छ दिसतं. जीपीएसचा चुंबकी अँटेना टपावर ठेवायचा, गाडी बंद ट्रॅकवर सोडायची आणि लॅपटॉपवर वेगाची रेघ बघायची. सुरुवातीला ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ चढते, कारण तिथं टायर राज्य करतो. मग साठ-सत्तर-ऐंशीच्या दरम्यान कुठंतरी रेघेला बाक येतो आणि ती हळूहळू आडवी व्हायला लागते. तो बाक म्हणजे टायरचं राज्य संपून मोटरचं सुरू झाल्याची खूण. मी कुठल्याही गाडीचा आलेख हातात घेतला की आधी बाक शोधतो, शंभरचा आकडा नंतर.

बरं, ०.३ सेकंद रस्त्यावर दिसतात किती? दोघी एकाच क्षणी सुटल्या तर सील शंभरला पोचते तेव्हा ईव्ही६ जीटी तिच्यापुढं चार-साडेचार मीटर असेल. सीलची स्वतःची लांबी ४.८ मीटर. म्हणजे एक गाडीभरही अंतर पडत नाही. ड्रायव्हरनं पाय टाकायला एवढासा उशीर केला की निकाल उलटा. खरा फरक शंभरच्या पुढं पडतो, जिथं ईव्ही६ जीटीचे जादाचे ४० किलोवॅट कामाला लागतात, आणि १८० नंतर तर सील शर्यतीतच नाही.

मोबाइलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढून सेकंद मोजणाऱ्यांसाठी दोन शब्द. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम आहे, म्हणून कंपन्या तो थोडा पुढंच ठेवतात. काट्यावर १०० दिसतात तेव्हा गाडी ९५-९७ वर असू शकते. अमेरिकन मासिकांचे आकडे आणखी वेगळे: तिथं पहिला एक फूट सोडून घड्याळ सुरू करायची पद्धत आहे, त्यात पाव सेकंदाच्या आसपास फायदा होतो. टेस्ला मॉडेल एस प्लेडचे ते प्रसिद्ध १.९९ सेकंद याच पद्धतीचे, आणि तेही ६० मैलांपर्यंतचे, म्हणजे ताशी ९७ किमीपर्यंत. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

बॅटरीचंही ऐका. सीलची ८२.५६ किलोवॅट-तासांची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) ब्लेड बॅटरी, तुमच्या भावाची ७७.४ ची. ४३० किलोवॅट ७७.४ मधून ओढायचे म्हणजे बॅटरीवर जास्त ताण, आणि त्या गाडीत पूर्ण ताकद जीटी मोडचं बटण दाबल्यावरच मिळते, एरवी ती हात राखूनच देते. पण दोन्ही गाड्यांना एक गोष्ट लागू आहे: कंपनीचा आकडा हा भरलेल्या आणि योग्य तापमानाच्या बॅटरीचा असतो. चार्ज वीस टक्क्यांवर आला की कंट्रोलर करंट कमी करतो. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीत असताना लागोपाठ फुल थ्रॉटल मारले तर पॅक आणि मोटर तापतात आणि गाडी न सांगता मवाळ होते. यात बिघाड काही नाही, गाडी स्वतःला सांभाळते. ज्याला ट्रॅकवर पुन्हापुन्हा पळवायची आहे त्यानं जाग्यावरून पूर्ण जोरात सुटण्याच्या पहिल्या लाँचपेक्षा पाचवा बघावा. तिथं गाड्यांची खरी प्रतवारी लागते.

आता तुमच्या रस्त्यावर या. मला विचाराल तर या सगळ्या आकड्यांत तुमच्या कामाचा आकडा जाहिरातीत छापलेलाच नाही: ४० ते ८०. गळीत हंगामात आष्टा, तासगाव, विट्याकडच्या कुठल्याही दुपदरी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं असतो. मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब. तुम्ही त्याच्यामागं वेग कमी करता, समोर मोकळं दिसलं की निघता. सील परफॉर्मन्सला ४० वरून ८० ला जायला दीड सेकंद पुरावा. मागच्या एकाच मोटरची २३० किलोवॅटची सील प्रीमियम सव्वादोन घेईल. साध्या पेट्रोल गाडीला गिअर उतरवून चार-पाच तरी लागतात. पेट्रोलवरून प्रीमियमवर आलात तर आयुष्य बदलतं. प्रीमियमवरून परफॉर्मन्सवर गेलात तर पाऊण सेकंद वाचतो.

आणि त्या पाऊण सेकंदाची किंमत? मार्च २०२४ मध्ये सील भारतात आली तेव्हा प्रीमियम ४५.५५ लाख होती, परफॉर्मन्स ५३ लाख, दोन्ही एक्स-शोरूम. वर प्रीमियमची सांगितलेली रेंज ६५० किमी, परफॉर्मन्सची ५८०. प्रीमियम शंभरला ५.९ सेकंद घेते. मी माझ्या पैशानं घेत असतो तर प्रीमियम घेतली असती. फक्त पावसाळ्यात पसरणीच्या नाहीतर यवतेश्वरच्या घाटात ओल्या वळणातून निघताना चारही चाकांची ओढ हवीहवीशी वाटते, तेवढं परफॉर्मन्सच्या बाजूनं नक्की बोलेन.

१८० आणि २६० चा वाद आपल्याकडे कायद्यानंच निकालात काढलाय. चौपदरी महामार्गावर कारला १००, समृद्धीवर १२०, घाटात फलक बघा, बरंच खाली असतं. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी उतरतानाचं ते एस वळण तर नेहमीच्या माणसालाही चकवत आलंय. तुमच्या भावाचंही काही वेगळं नाही. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथं कमाल मर्यादा ११०, आणि तिच्यावर बेताल गेलात तर पोलीस गाडी उचलून नेतात. त्याचे २६० त्यालाही कागदावरच वापरायचे आहेत.

भारतात असा वेग कायदेशीरपणे बघायची जागा म्हणजे इंदूरजवळ पीथमपूरचा नॅट्रॅक्स ट्रॅक: ११.३ किमीचा, बाजूला कललेल्या वळणांचा. २०२२ मध्ये तिथं महिंद्राच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिनाची बत्तिस्ता ही इलेक्ट्रिक गाडी पळवली होती. पाव मैल ८.५५ सेकंदांत. १,९०० पीएसची गाडी आहे ती, आपल्या वादात तिला आणण्यात अर्थ नाही, पण इलेक्ट्रिकला वेग जमत नाही म्हणणाऱ्यांना सांगायला बरी.

थांबण्याचं गणित मात्र दोन्ही भावांनी एकत्र बसून करावं. चांगले टायर, कोरडा रस्ता, पूर्ण ब्रेक धरला तर शंभरवरून गाडी ३८-४० मीटरमध्ये थांबते. १८० वरून सव्वाशे. २६० वरून दोनशे साठ. यात तुमचा पाय ब्रेकवर पोचायचा एक सेकंद धरलेला नाही. २६० ला त्या एका सेकंदात आणखी ७२ मीटर जातात. वेग अडीचपट झाला की थांबायचं अंतर सहा-सातपट होतं. ट्रॉलीचा रिफ्लेक्टर दिसणं सोडा, हेडलाइटचा उजेडही तेवढा लांब पोचत नाही.

एक घोळ शोरूमला जाण्याआधीच मिटवा. भारतात जी ईव्ही६ विकली जाते ती जीटी-लाइन. नावात जीटी असलं तरी ती भावाची गाडी नव्हे. तिचे आकडे ३२५ पीएस आणि ६०५ न्यूटन-मीटर, शंभरला पाचच्या वर सेकंद. भावाच्या ईव्ही६ जीटीला ५८५ पीएस आणि ७४० न्यूटन-मीटर. सेल्समननं "सर, तीच गाडी आहे" म्हटलं तर मान डोलावू नका.

टेस्ट ड्राइव्ह घेताना सकाळची फुल चार्ज गाडी नको म्हणा. संध्याकाळी, दिवसभर फिरलेली, तीस टक्क्यांखाली आलेली द्या म्हणा, आणि तिच्यावर ४० ते ८० करून बघा. परफॉर्मन्स आणि प्रीमियम दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. घरच्या पाच जणांना बसवून तुमच्या गल्लीतल्या सर्वांत उंच स्पीड ब्रेकरवरून न्या. सीलचा ग्राउंड क्लिअरन्स १४५ मिमी आहे आणि तिची बॅटरी गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे, खाली घासलं तर तो नुसता पत्रा नसतो. जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि तिथं बॅटरी उतरवायची लिफ्ट आहे का, तेही विचारा. शेवटी २३५/४५ आर१९ च्या चार टायरांचं कोटेशन लेखी घ्या. ३.८ सेकंदांची चव पुन्हापुन्हा चाखली तर ते टायर तुम्ही समजता त्यापेक्षा बरेच आधी बदलावे लागतील.